नववी चिप
सदर : यंत्रयुग आणि आपण

कागदाच्या वहीत झालेली चूक सहसा आपली खूण मागे ठेवते. कुठे खाडाखोड दिसते, कुठे शाई बदललेली दिसते. निदान महिनाअखेरीस बेरीज जुळत नाही. संगणकाच्या स्मृतीत एखादा आकडा आपोआप बदलला, तर यांपैकी काहीच घडत नाही. चुकीचा आकडाही पडद्यावर तितक्याच स्वच्छ वळणात उमटतो, छापील पावतीवर जातो आणि रात्री राखीव प्रत निघते तेव्हा तिच्यातही निमूटपणे उतरतो. आज दुकानाची खतावणी, संस्थेची देणगीनोंद, दवाखान्यातील रुग्णांची टिपणे आणि तीन पिढ्यांची छायाचित्रे संगणकाच्या स्वाधीन झाली आहेत. तेव्हा या स्मृतीवर विश्वास किती ठेवावा आणि तिच्यावर पहारा कोण ठेवतो, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा समजून घेण्याजोगे आहे.

आकडा आपोआप कसा बदलेल, अशी शंका सुज्ञ वाचकांना येईल. तिचे उत्तर बेल्जियममधील एका घटनेत सापडते. १८ मे २००३ रोजी तेथे सार्वत्रिक निवडणूक झाली. ब्रुसेल्सलगतच्या स्कारबेक या नगरात मतदान संगणकाद्वारे होते. मतमोजणीत एका उमेदवाराला मिळालेली मते शक्य असलेल्या कमाल संख्येपेक्षाही अधिक भरली, म्हणून फेरमोजणी झाली. तीत नेमकी ४,०९६ मते जादा आढळली. तज्ज्ञांनी प्रणाली तपासली, पण दोष सापडला नाही आणि तो पुन्हा घडवूनही आणता आला नाही. मात्र ४,०९६ हा आकडा बोलका होता. दोनाला दोनाने गुणत गेल्यास बाराव्या पायरीवर हीच संख्या येते. म्हणजे यंत्राच्या स्मृतीतील एकच द्विमान स्थान शून्याऐवजी एक झाले की बेरजेत बरोबर ४,०९६ची भर पडते. असा आपोआप घडलेला पालट हेच त्याचे संभाव्य स्पष्टीकरण म्हणून नोंदवले गेले.

या घटनेतील खरी चिंतेची बाब वेगळीच आहे. चूक सापडली, कारण ती अशक्यप्राय मोठी होती. त्याच ओळीतील सातवे स्थान पालटले असते, तर ६४ मते वाढली असती आणि कोणाचे लक्षही गेले नसते.

एका बिटाची किंमत

संगणकाजवळ अक्षरेही नाहीत आणि अंकही नाहीत; त्याच्याजवळ केवळ शून्य आणि एक यांच्या मालिका आहेत. त्यांतील प्रत्येक स्थानाला बिट म्हणतात. देवनागरी अक्षरांना संगणकात जे क्रमांक दिलेले आहेत, त्यांत ‘१’चा क्रमांक २४०७ आणि ‘९’चा २४१५ आहे. या दोहोंत फरक आठाचा, म्हणजे फक्त एका बिटाचा. तेवढा बिट पालटला की १,४५,००० रुपयांचे ९,४५,००० रुपये होतात. इंग्रजी अंक वापरले तरी सुटका नाही. तेथेही एक आणि नऊ यांच्यात एकाच बिटाचे अंतर आहे. ‘द’चा क्रमांक २३४२, ‘ध’चा २३४३, म्हणून एका बिटाने ‘दान’चे ‘धान’ होते. ‘क’ आणि ‘ग’ यांच्यातही एकच बिट आहे, त्यामुळे ‘काल’चा ‘गाल’ होण्यास वेळ लागत नाही. यांतील एकही शब्द शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला खटकणार नाही, कारण बदललेला शब्दही शुद्धच असतो.

प्रत्येक पालटामुळे अनर्थ होतो असे मात्र नाही. पुष्कळदा तो बिट वापरात नसलेल्या जागेत असतो आणि पालट वाया जातो. कधी तो एखाद्या प्रणालीच्या आज्ञेत असतो. मग संगणक अडखळतो, पडदा निळा होतो, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते आणि आपण दोष विंडोजला देऊन मोकळे होतो. हाही तसा बरा प्रकार म्हणायचा, कारण त्यात काहीतरी बिघडले एवढे तरी कळते. तिसरा प्रकार घातक आहे. त्यात संगणक सुरळीत चालत राहतो आणि फक्त माहिती बदललेली असते.

बिट का पालटतो?

संगणक चालू असताना ज्या स्मृतीत काम चालते, तिला आपण रॅम म्हणतो. तिच्यातील प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म धारित्रात साठवलेला थोडासा विद्युतभार. गळक्या भांड्यातून पाणी झिरपावे तसा हा भार सतत झिरपत असतो. म्हणून यंत्र दर सेकंदाला अनेक वेळा प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरते. १६ जीबीच्या रॅममध्ये असे सुमारे १३,७०० कोटी कप्पे असतात. इतक्या कप्प्यांपैकी एकही कधी चुकणार नाही, अशी अपेक्षा धरणेच मुळात धाडसाचे आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरी वूड्स यांनी अशा चुकांचा शोध घेतला. चिपच्या वेष्टनद्रव्यात युरेनियम आणि थोरियम यांचे अत्यल्प अंश होते. त्यांतून निघणारे अल्फा कण कप्प्यातील भार बिघडवत होते. १९७९ मध्ये आयबीएमचे जेम्स झिग्लर आणि येल विद्यापीठाचे विल्यम लॅनफर्ड यांनी दुसरे कारण मांडले. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळतात, त्यांतून निर्माण होणारे न्यूट्रॉन जमिनीपर्यंत पोहोचतात आणि तेही स्मृतीतील बिट पालटू शकतात. वेष्टनद्रव्ये पुढे शुद्ध करता आली. आकाशातून येणाऱ्या कणांना मात्र घराचे छप्पर पुरेसे अडवू शकत नाही.

तथापि सगळा दोष आकाशाला देता येत नाही. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलमधील दोन संशोधकांनी गूगलच्या हजारो यंत्रांतील अडीच वर्षांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात सुमारे एकतृतीयांश यंत्रांत निदान एकदा तरी स्मृतीची चूक नोंदली गेलेली आढळली. रॅमच्या पट्ट्यांचा हिशेब केला, तर वर्षाला आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्या चुकल्या होत्या. चुका सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. जी पट्टी एकदा चुकली, ती पुन्हा पुन्हा चुकण्याची शक्यता फार मोठी होती. यावरून बऱ्याच चुकांचे मूळ झिजलेल्या किंवा सदोष भागांत असावे, असा निष्कर्ष निघाला. १० ते १८ महिन्यांच्या वापरानंतर चुकांचे प्रमाण वाढू लागते, असेही दिसले. म्हणजे नवी असताना निर्दोष ठरलेली रॅम कायम निर्दोष राहील, हे गृहीत धरता येत नाही.

२०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल येथील संशोधकांनी आणखी एक धक्का दिला. स्मृतीतील एकच ओळ अतिवेगाने पुन्हा पुन्हा उघडली की तिच्या शेजारच्या ओळीतील बिट पालटतात, असे त्यांनी दाखवले. त्यांनी तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकी ११० मध्ये हा दोष आढळला. कप्पे जितके लहान आणि दाटीवाटीचे, तितका शेजाऱ्याचा उपद्रव अधिक.

साक्षीदार ठेवण्याची युक्ती

व्यापारी कुटुंबांना पडताळणीची कल्पना नवी नाही. आपल्या १५ अक्षरांच्या जीएसटी क्रमांकातील शेवटचे अक्षर हे आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. क्रमांक लिहिताना एखादे अक्षर चुकले, तर ते जुळत नाही. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही असाच पडताळणीचा असतो. हे साक्षीदार चूक झाली एवढे सांगतात. कोठे झाली, ते त्यांना सांगता येत नाही.

चुकीचे स्थानही कळावे, ही पुढची पायरी गाठली रिचर्ड हॅमिंग यांनी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ते रिलेवर चालणाऱ्या संगणकावर गणिते सोडवीत असत. शनिवार-रविवारी यंत्र विनादेखरेख चाले. यंत्राला आपली चूक ओळखता येई. पण चूक दिसली की ते चालू काम सोडून पुढच्या कामाकडे वळे. सोमवारी येऊन पाहावे तो काम अर्धवट टाकलेले. यंत्राला चूक ओळखता येते, तर ती कोठे आहे हे शोधून त्याने सुधारू का नये, हा त्यांना पडलेला प्रश्न होता. १९५० मध्ये त्यांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. आजही त्या पद्धतीला हॅमिंग संकेत म्हणतात.

त्यामागील तत्त्व हिशेबनिसाला सहज उमगेल. आठ ओळी आणि आठ रकाने असलेला तक्ता मांडला, प्रत्येक ओळीची आडवी आणि प्रत्येक रकान्याची उभी बेरीज लिहून ठेवली. नंतर तक्त्यातील एकच आकडा बदलला, तर एक आडवी आणि एक उभी बेरीज जुळणार नाही; त्या दोन्ही जेथे एकमेकींना छेदतात, तेथेच चूक आहे. बिटांच्या बाबतीत स्थान कळले की दुरुस्तीही झालीच, कारण शून्य चुकीचे असेल तर तेथे एकच असणार. या साध्या तक्त्यात ६४ बिटांसाठी १६ बेरजा लागतात. हॅमिंग यांनी एकमेकांत गुंतलेले गट इतक्या कौशल्याने निवडले की ६४ बिटांसाठी सात तपासणी-बिट पुरतात. आणखी एक बिट जोडला, तर एकाच वेळी दोन बिट चुकल्याचेही ओळखता येते. दोन चुका सुधारता येत नाहीत. पण तेव्हा यंत्र चुकीचा आकडा पुढे दडपण्याऐवजी थांबते.

चौसष्टास आठ, म्हणजे आठास एक. साध्या रॅमच्या पट्टीवर एका रांगेत आठ चिप असतील, तर या पद्धतीच्या पट्टीवर नऊ असतात. ही नववी चिप कोणतीही माहिती साठवीत नाही. इतर आठ जणींची साक्ष देणे एवढेच तिचे काम. अशा स्मृतीला एरर करेक्टिंग कोड, संक्षेपाने ईसीसी रॅम, असे म्हणतात. डीडीआर-४ पर्यंत हा आठास एक हिशेब कायम होता. डीडीआर-५ मध्ये पट्टीचे दोन स्वतंत्र भाग केले असल्याने आठ चिपना एक किंवा दोन जादा चिप लागतात.

नववी चिप गेली कोठे?

घरगुती संगणकाला पहारेकरी पूर्वीपासून नव्हता, असे नाही. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत दर आठ बिटांमागे एक समविषम तपासणीचा बिट होता, ज्याला पॅरिटी म्हणतात. त्याला दुरुस्ती येत नसे. पण विसंगती आढळताच पडद्यावर सूचना देऊन तो यंत्र थांबवीत असे. स्मृती महाग होती आणि नऊ चिपऐवजी आठ चिप लावल्या की पैसे वाचत. स्पर्धा वाढली तसा हा पहारा खर्चाचा वाटू लागला. १९९५ च्या इंटेल ४३०एफएक्स या लोकप्रिय चिपसेटमध्ये पॅरिटीची सोयच ठेवली नव्हती. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत सामान्य ग्राहकाच्या यंत्रातून नववी चिप दिसेनाशी झाली. ग्राहकाने तक्रार केली नाही, कारण न दिसणाऱ्या चुकांविषयी तक्रार कोण करणार?

पुढे ही सोय ‘सर्व्हर’ आणि ‘वर्कस्टेशन’ या महागड्या वर्गांची खूण बनली. इंटेलच्या कोअर आय-५ आणि आय-७ या डेस्कटॉप प्रोसेसरांत ती बहुतेक पिढ्यांत बंद ठेवली जाई. हवी असल्यास झिऑन प्रोसेसर आणि त्याला साजेसा मदरबोर्ड घ्यावा लागे. लिनक्स प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जानेवारी २०२१ मध्ये या बाजारनीतीवर जाहीरपणे कडक टीका केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्याच मुख्य संगणकातील रॅमची एक पट्टी अडीच वर्षे व्यवस्थित चालून अकस्मात बिघडली आणि काही काळ त्यांना दोष नव्या आज्ञावलीत आहे की यंत्रात, हेच कळेना. जगातील निष्णात संगणकतज्ज्ञाला जेथे चाचपडावे लागते, तेथे दुकानातील हिशेबनिसाने काय करावे?

आता परिस्थिती थोडी बदलली आहे. एएमडीने २०१७ पासून आणलेल्या रायझन मालिकेतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांत ही क्षमता बंद केलेली नाही. मात्र ती वापरता येईल की नाही, हे मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या हाती सोपवले आहे. इंटेलनेही बाराव्या पिढीपासून अनेक कोअर प्रोसेसरांत ती खुली केली, पण डब्ल्यू-६८० यांसारखा विशिष्ट चिपसेट असलेल्या मदरबोर्डवरच. म्हणजे आज ग्राहकाला नववी चिप मिळू शकते; ती मागावी कशी, एवढे मात्र त्याला माहीत हवे.

खरेदी करताना

ही साखळी तीन कड्यांची आहे : प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम. त्यांतील एकही कडी कच्ची असली, तर पहारा उभा राहत नाही आणि तो उभा राहिला नाही हे यंत्र बहुधा सांगतही नाही.

पहिली कडी प्रोसेसरची. नेमक्या क्रमांकासह कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. एकाच मालिकेतही फरक असतो. एएम-४ खाचेच्या रायझनमध्ये चित्रपट्टिका अंगभूत असलेल्या ‘जी’ प्रकारच्या साध्या प्रोसेसरांत ईसीसी चालत नाही. त्यांच्याच ‘प्रो’ आवृत्तीत चालते.

दुसरी कडी मदरबोर्डची, आणि फसगत येथेच अधिक होते. प्रोसेसरपासून रॅमच्या खाचेपर्यंत तपासणी-बिटांच्या जादा तारा मदरबोर्डवर ओढलेल्या असाव्या लागतात आणि बायोसमध्येही ती सोय असावी लागते. काही मदरबोर्डांच्या विवरणपत्रात ‘ईसीसी रॅम चालते’ असे लिहिलेले असते आणि पुढे बारीक अक्षरांत ‘नॉन-ईसीसी मोडमध्ये’ असे शब्द असतात. त्याचा अर्थ असा, की पट्टी खाचेत बसेल, यंत्र सुरू होईल, पण नववी चिप झोपलेली राहील. म्हणून विक्रेत्याला ‘ईसीसी रॅम चालते का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘ईसीसीची दुरुस्ती प्रत्यक्ष चालू राहते का?’ असे विचारावे आणि उत्तर विवरणपत्रात दाखवायला सांगावे.

तिसरी कडी रॅमची. घरगुती मदरबोर्डला लागते ती ‘अनबफर्ड’ ईसीसी रॅम, जिला बाजारात ईसीसी यूडिम म्हणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत सर्व्हरमधून उतरवलेल्या जुन्या पट्ट्या स्वस्तात दिसल्या, तर मोह होणे साहजिक आहे. परंतु त्या बहुधा ‘रजिस्टर्ड’, म्हणजे आरडिम, प्रकारच्या असतात. डीडीआर-४ मध्ये त्या खाचेत बसतात, पण घरगुती यंत्र सुरूच होत नाही. डीडीआर-५ मध्ये तर खाचही जुळत नाही. एक पट्टी ईसीसी आणि दुसरी साधी, असेही करू नये. त्याने सर्वच पट्ट्यांवरचा पहारा उठतो.

डीडीआर-५ च्या जाहिरातींतील ‘ऑन-डाय ईसीसी’ या शब्दांनीही अनेकांची समजूत चुकते. कप्पे फार सूक्ष्म झाल्याने प्रत्येक चिप आपल्या पोटातील एखादा बिघडलेला बिट स्वतःच सुधारून घेते, एवढाच त्याचा अर्थ. चिपमधून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत माहिती बिघडली, तर तिचा बंदोबस्त त्यात नाही आणि केलेल्या दुरुस्तीची वर्दी संगणकाला देण्याची व्यवस्थाही नाही. कोठारातील माल कोठारातच तपासला म्हणून तो दुकानापर्यंत सुखरूप पोहोचला, असे होत नाही.

यंत्र जोडून झाल्यावर खात्री करून घ्यावी. लिनक्समध्ये ईडॅक नावाची यंत्रणा स्मृतीतील दुरुस्त्यांची मोजणी ठेवते. विंडोजमध्ये हार्डवेअरच्या चुका इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंदल्या जातात. दुरुस्तीची नोंद दिसली, तर ईसीसीने आपले काम केले असे समजून स्वस्थ बसू नये. एकाच पट्टीत पुन्हा पुन्हा नोंद होत असेल, तर ती पट्टी बदलण्याची ही पूर्वसूचना आहे. अशी पूर्वसूचना मिळणे हाच कदाचित या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ होय.

कोणाला हवी, कोणाला नको

प्रत्येक घरी ईसीसी यंत्र असावे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. चित्रपट पाहणे, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी साधा संगणक पुरेसा आहे. लॅपटॉपमध्ये तर काही मोजकी व्यावसायिक प्रतिमाने सोडली, तर हा पर्यायच उपलब्ध नसतो. पण ज्या एका यंत्रात सर्वांची मूळ नोंद राहते, त्याचा विचार वेगळा करावा. दुकानाच्या हिशेबाचा मुख्य संगणक, सनदी लेखापालाच्या कार्यालयातील सामायिक साठा, संस्थेच्या सभासदांची आणि देणग्यांची नोंद, जुन्या ग्रंथांच्या छायाप्रतींचा संग्रह, घरातील सर्वांची छायाचित्रे जेथे एकत्र उतरवली जातात तो साठवण-संगणक, ही त्याची ठळक उदाहरणे. दहा यंत्रे साधी आणि हे एक पहाऱ्याचे, असा खर्च बहुतेकांना पेलवेल. चिपच्या हिशेबाने जादा सामग्री आठवा हिस्सा किंवा जास्तीत जास्त चौथा हिस्सा असते. मागणी कमी असल्याने बाजारातील किमतीत फरक त्याहून अधिक पडतो, तेव्हा भाव दोन-तीन ठिकाणी विचारावा. वेगात पडणारा फरक अल्प असतो. हिशेबाच्या कामात तो जाणवतही नाही.

या खर्चामागील तर्क असा. हार्ड डिस्क आणि एसएसडी माहितीबरोबर दुरुस्तीचे संकेत साठवतात. जाळ्यातून जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यासोबत पडताळणीचा आकडा जातो. प्रोसेसरच्या आतील तात्पुरत्या साठ्यांवरही असाच पहारा असतो. पैसे देताना आपण ज्या क्यूआर संकेतावर फोन धरतो, तो थोडा फाटला तरी वाचता येतो, कारण त्यातही दुरुस्तीची सोय आहे. माहितीच्या संपूर्ण प्रवासात घरगुती यंत्राची रॅम हा एकच मोठा मुक्काम पहाऱ्याविना उरला आहे आणि प्रत्येक आकडा त्या मुक्कामी थांबूनच पुढे जातो. तेथे आकडा बदलला, की पुढचे सर्व पहारेकरी त्या चुकीच्या आकड्याचेच निष्ठेने रक्षण करतात.

ईसीसी म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हेही सांगितले पाहिजे. एकाच वेळी अनेक बिट पालटले, तर तिच्या हातून चूक निसटू शकते. शेजारच्या ओळीतील बिट हेतुपुरस्सर पालटून ईसीसीलाही चकवता येते, असे ॲम्स्टरडॅममधील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. शिवाय माणसाने चुकीची रक्कम टंकली किंवा फाइल पुसून टाकली, तर त्यावर तिच्याजवळ उपाय नाही. म्हणून राखीव प्रतींची जागा ती घेऊ शकत नाही.

ज्यांना आज नवे यंत्र घेणे शक्य नाही, त्यांनीही काही गोष्टी विनाखर्च कराव्यात. मेमटेस्ट-८६ सारख्या प्रणालीने वर्षातून एकदा रात्रभर रॅम तपासावी. एकही चूक दिसली तर ती पट्टी काढून टाकावी. खेळांसाठी रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपीसारखे पर्याय हिशेबाच्या यंत्रावर बंद ठेवावेत, कारण वाढीव वेगात चुकीची शक्यताही वाढते. राखीव प्रत एकच ठेवून तिच्यावरच दररोज नवी प्रत उतरवू नये. तसे केल्यास चुकीचा आकडा एका रात्रीत बरोबर आकड्याची जागा घेतो आणि मूळ कायमचे नष्ट होते. आठवड्याची, महिन्याची आणि वर्षाची प्रत तारखेनुसार वेगळी जपावी. आणि दरमहा बँकेच्या उताऱ्याशी, पावतीपुस्तकाशी संगणकातील आकडे ताडून पाहण्याची जुनी शिस्त सोडू नये. स्कारबेकची चूकही शेवटी एका माणसाला आकडा अशक्य वाटला म्हणूनच उघडकीस आली.

दुकानात नवा संगणक मागवताना आपण प्रोसेसर कोणता, साठवण किती, वॉरंटी किती वर्षांची, हे प्रश्न आवर्जून विचारतो. ज्या यंत्रावर कुटुंबाचा हिशेब राहणार आहे, त्याच्या बाबतीत या यादीत आणखी एका प्रश्नाची भर घालावी : स्मृतीतील चूक हे यंत्र ओळखते का आणि ओळखल्यावर आपल्याला सांगते का? विचारणारे ग्राहक वाढले, तर तसे मदरबोर्ड ठेवणारे विक्रेतेही वाढतील.